दोरीवरची गाणी

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यासाठी मला विषय विचारण्यात आला तेव्हा मी ‘दोरीवरच्या उड्यांची गाणी’ असे सांगितले. लिहून घेणाऱ्या चिटणीससाहेबांचे पेन तिथेच थांबले. “सर, शिष्यवृत्ती परीक्षेवर बोलला असता तर बरे झाले नसते का?” असे त्यांनी अगदी अदबीने विचारले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवणारे आपण लोक. आपल्याला उड्यांचे काय कौतुक? परंतु मी आज जे सांगणार आहे तेही शिक्षणाविषयीच आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. ती आपल्यासमोर कबूल करावी, म्हणून मुद्दाम हा विषय घेतला.

मी शिक्षक झालो त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. शाळा कोणती ते सांगत नाही. शाळेचा त्यात काही दोष नव्हता, दोष माझा होता. माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. मराठी माध्यम, पण निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी आपली दखनी बोलली जाई. मधल्या सुट्टीत मुली अंगणात दोरीवर उड्या मारीत. बैलाचा जुना कासरा कुणीतरी घरून आणलेला. दोघी दोन टोके धरून फिरवायच्या, मधे एक उडी मारायची, आणि बाकीच्या भिंतीला टेकून मोठमोठ्याने गाणे म्हणायच्या. दोरी जमिनीला घासून सट् सट् आवाज होई. घंटा झाली तरी गाणे थांबत नसे. बी.एड.ची पदवी ताजी होती, शिस्तीचा धडा पाठ होता. एके दिवशी मी बाहेर गेलो, कासरा गुंडाळला आणि माझ्या टेबलाच्या खणात ठेवून दिला. मुली काही बोलल्या नाहीत, मुकाट्याने वर्गात येऊन बसल्या. अंगण शांत झाले आणि मला वाटले, मास्तर म्हणून माझा वचक बसला.

याच वर्गात एक मुलगी होती. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. ती वाचायला उभी राहिली की पुस्तक तोंडासमोर धरायची आणि गप्प व्हायची. ‘क’ ओळखायची, ‘का’ ओळखायची, पण ‘काकडी’ म्हटले की थांबायची. जोडाक्षर तर दूरच राहिले. सहामाहीला तिच्या प्रगतिपुस्तकात मी ‘आकलन मंद’ असा शेरा लिहिला. तिच्या वडिलांनी त्यावर सही केली. ते मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते असे आज वाटते.

पुढे दोन-तीन आठवड्यांनी शाळेच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीमागून गाणे ऐकू आले. मुलींनी दुसरी दोरी आणली होती आणि मास्तर दिसणार नाही अशी जागा शोधली होती. मी भिंतीआड उभा राहिलो. गाणे चालले होते ते असे :

रस्सी बोली उड गे मुन्नी,
मुन्नी बोली आज नको.
अम्मी बोली पानी लाओ,
मुन्नी बोली आज नको.
मास्टर बोले पढने बैठो,
मुन्नी बोली आज नको.
रस्सी बोली मैं घर जाती,
मुन्नी बोली जाव नको!

‘जाव नको’ म्हणताना दोरीचा वेग दुप्पट व्हायचा आणि मधली मुलगी अडखळेपर्यंत मोजणी चालायची. मला प्रथम हसू आले, मग लाज वाटली. कारण त्या गाण्यातला मास्टर मीच होतो. आणि गाणे सांगत कोण होते? तीच मुलगी, जिला मी मंद ठरवले होते. बाकीच्या तिच्या मागून म्हणत होत्या. ती उडी मारता मारता नवी ओळ जोडी आणि ती ओळ दोरीच्या ठेक्यात चपखल बसे. मला एम.ए.च्या परीक्षेला बसवून ‘चालता चालता अशी ओळ रच’ म्हटले असते तर मी नापास झालो असतो.

दुसऱ्या दिवशी मी कासरा खणातून काढून दिला, आणि ते गाणे, ऐकले होते तसे, दखनीतच, देवनागरी अक्षरांत फळ्यावर लिहिले. वर्ग हसून लोळला. मग मी त्या मुलीला छडी दिली, मारण्याची नव्हे, फळ्यावर दाखविण्याची. तिने वाचले. पाठ होते म्हणूनच वाचले, हे मलाही कळत होते. पण ‘रस्सी’ या शब्दाशी ती थांबली, बोट ठेवले आणि म्हणाली, “सर, हितं दोन उड्या हायत. रस् आणि सी.” दुसरीतल्या मुलीने जोडाक्षर फोडून दाखवले होते. अर्धा स मागच्या अक्षराला जाऊन चिकटतो हे मी महिनाभर तोंडाने सांगत होतो, ते तिच्या पायांना आधीच ठाऊक होते.

पालकहो, यात चमत्कार काही नाही. थोडे मोजून पाहू या. मराठी आणि दखनी, दोन्ही भाषांत ऱ्हस्व अक्षराला एक मात्रा आणि दीर्घ अक्षराला दोन, असा कानाचा हिशेब आहे. ‘रस्सी बोली’ मोजा : दोन, दोन, दोन, दोन, आठ मात्रा. ‘उड गे मुन्नी’, पुन्हा आठ. ‘मुन्नी बोली’ आठ. आणि ‘आज नको’ मोजले तर सहाच भरतात. मग दोन मात्रा गेल्या कुठे? त्या दोन मात्रांत सगळ्याजणी गप्प असतात आणि दोरी डोक्यावरून जाते. ही गप्प राहण्याची जागा कुणी शिकवलेली नसते. पाच-सहा वर्षांचे मूल ती जागा चुकत नाही, आणि चुकले की पाय अडकतो. चुकीची शिक्षा जागच्या जागी, पण रागावणारे कुणी नाही. असा गुरुजी आम्हांला कुठून मिळावा?

या हिशेबाला मराठीत फार मोठा आधार आहे आणि तो आधार आपल्या गावाशी जोडलेला आहे. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, हे आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. फार्सीचे मोठे जाणकार. ‘फार्सी-मराठी कोश’ त्यांनी रचला, गझल आणि रुबाई मराठीत रुजवली. त्यांच्या ‘छंदोरचना’ या ग्रंथावर १९३८ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. पदवी दिली. मराठीतल्या साऱ्या वृत्तांची, जातींची मोजदाद त्या ग्रंथात आहे. आठ मात्रांच्या आवर्तनाला त्यांनी ‘पद्मावर्तनी’ म्हटले, सहा मात्रांच्या आवर्तनाला ‘भृंगावर्तनी’. आमच्या मुली टाकीमागे पद्मावर्तनी जातीत उड्या मारीत होत्या. हे त्यांना सांगितले असते तर त्या घाबरून पळाल्या असत्या, म्हणून सांगितले नाही. परंतु एका हातात फार्सी आणि दुसऱ्या हातात मराठी घेऊन बसलेला माणूस याच गावात छंदाचा अभ्यास करीत होता, ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असावी असे मला वाटते.

आता दखनीविषयी. घरी दखनी बोलणारे मूल शाळेत आले की आपण त्याला दोनदा टोकतो. मराठीचे गुरुजी म्हणतात, “हे मराठी नव्हे.” उर्दू जाणणारे नातेवाईक म्हणतात, “ही कसली उर्दू? ‘नको’ काय म्हणतोस?” मूल शहाणे असते. ते गप्प बसते. वास्तविक ही बोली काही उघड्यावर पडलेली नाही. शेजारच्या विजापूरच्या सूफी परंपरेत सोळाव्या-सतराव्या शतकांपासून दखनीत ‘चक्कीनामा’, ‘चरखानामा’, ‘लोरीनामा’ अशी गीते रचली गेली. जात्यावर दळताना, चरखा फिरवताना, बाळाला झोपवताना बायांनी म्हणावयाची ही गीते. रिचर्ड ईटन या अमेरिकन इतिहासकाराने विजापूरच्या सूफींवर लिहिलेल्या, १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांची दखल घेतली आहे. मोठाले ग्रंथ ज्या घरांत कधी गेले नाहीत, त्या घरांत ही गीते जात्याच्या फेऱ्याबरोबर गेली. इकडे मराठी बायका त्याच जात्यावर ओवी म्हणत होत्या. जात्याचा फेरा एकच. गाणे हाताच्या गतीला बांधायचे, म्हणजे हात थकत नाही आणि गाणे विसरत नाही, ही युक्ती दोघींनाही ठाऊक होती. दोरीवरच्या मुली त्याच आज्यांच्या नाती आहेत. जाते गेले, दोरी राहिली.

जरा आणखी घरातलेच उदाहरण देतो. आपण सर्वांनी लहानपणी मकतबात कायदा पढला आहे. मूल पढताना पुढे-मागे डोलते. त्याला कुणी ‘डोल’ म्हणून सांगत नाही. उस्तादजी तजवीद शिकवताना मद्द बोटांवर मोजतात : इथे दोन हरकती, इथे सहा. कमी नाही, जास्त नाही. कलामे पाकच्या तिलावतीची आणि खेळातल्या गाण्याची बरोबरी मी करीत नाही, तौबा. तशी गैरसमजूत कुणी करून घेऊ नये. मी इतकेच म्हणतो की लहान मुलाच्या कानाला लांबी मोजता येते आणि शरीर हलले की ती अधिक चांगली मोजता येते, हे आपल्या बुजुर्गांना माहीत होते. आपल्या आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ केली तीही चालीवरच. चाल काढून घेतली आणि पाढे कागदावर छापले, तेव्हापासून पोरांना सत्तेचाळीस पाऊण किती हे सांगता येईना. तालमीतला वस्ताद बैठका मोजतो तोही सुरात मोजतो. बाबूजमाल तालमीच्या जवळ राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. मोहरमच्या दिवसांत आपल्या खेड्यांतून करबल खेळणाऱ्यांचे पाय पाहावेत. हिंदू आणि मुसलमान एका ठेक्यात पडतात.

बाहेरच्या जगातही या गोष्टीकडे विद्वानांचे लक्ष गेले आहे. इंग्लंडमध्ये आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने शाळेच्या अंगणातली गाणी, कोडी, चिडवाचिडवी हजारो मुलांकडून गोळा केली आणि १९५९ साली त्यांचा जाडजूड ग्रंथ छापला. त्यांना आढळले की ही गाणी मोठ्यांकडून मुलांकडे येत नाहीत. मुलाकडून मुलाकडे जातात. आठ वर्षांची मुलगी सहा वर्षांच्या मुलीला शिकवते आणि आपण विसरून जाते. आणखी एक गंमत म्हणजे तिकडे जुन्या काळी दोरीवरच्या उड्या हा मुख्यतः मुलग्यांचा खेळ होता. मुलींचा तो नंतर झाला. आपल्याकडे उड्या मारणाऱ्या मुलाला ‘बायल्या’ म्हणून चिडवणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे. मुष्टियोद्धे आजही रोज दोरीवर उड्या मारतात.

त्याहून महत्त्वाचे काम ऑक्सफर्डच्या ब्रॅडली आणि ब्रायंट या दोन मानसशास्त्रज्ञांचे. त्यांनी चार-पाच वर्षांच्या सुमारे चारशे मुलांना, वाचता येण्यापूर्वी, यमक ओळखता येते का हे तपासले. तीन-चार शब्द सांगायचे आणि त्यांतला वेगळा आवाज कोणता ते विचारायचे. मग काही वर्षे त्या मुलांचे वाचन पाहिले. ज्यांचा कान यमकाला तिखट होता ती मुले पुढे वाचनात आणि शुद्धलेखनात सरस ठरली. हे संशोधन १९८३ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९८७ साली तीन वर्षांच्या मुलांना बडबडगीते किती येतात हे पाहून त्याच दिशेचे निष्कर्ष निघाले. इंग्रजी लिपी वेगळी, आपली वेगळी. आपल्याकडे अक्षर हेच उच्चाराचे एकक आहे. म्हणून तर आपल्या मुलांना हे अधिक सोपे जायला हवे. दोरीचा एक फटका, एक ठोका. कान आधी, डोळा मागून.

आपल्या महाराष्ट्रात ही गोष्ट ताराबाई मोडकांनी ओळखली होती. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्या महाराष्ट्रात आल्या, आणि बोर्डीला व पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी त्यांनी बालवाड्या चालविल्या. अंगणात भरणारी शाळा, मुलांच्याच बोलीतली गाणी, मुलांच्याच हाताला लागणारी शंख-शिंपल्यांची साधने. विंदा करंदीकर, ज्यांचे शिक्षण आपल्या कोल्हापुरात झाले आणि ज्यांना पुढे ज्ञानपीठ मिळाले, त्यांनी १९६१ साली ‘राणीची बाग’ लिहून मराठी मुलांना खदाखदा हसण्याचा परवाना दिला. तोपर्यंतच्या पुष्कळ बालगीतांत मूल फार शहाणे असे. उर्दूत इस्माईल मेरठींनी (१८४४-१९१७) मुलांच्या वाचनमाला तयार केल्या आणि साध्या बोलीत गाय, पाऊस, पाणचक्की यांवर कविता लिहिल्या. इक्बालांनी १९०२ साली मुलांसाठी लिहिलेली दुआ उर्दू शाळांच्या परिपाठात आजही म्हटली जाते. या साऱ्यांची पुस्तके आपल्या वाचनालयात एका कपाटात शेजारी-शेजारी असावीत अशी माझी संस्थेला विनंती आहे. मी यादी करून देईन.

मात्र पुस्तकातली कविता आणि अंगणातले गाणे यांत फरक आहे आणि तो मी अनुभवाने शिकलो. कासरा परत दिल्यावर मला हुरूप आला. मला वाटले, आता आपणच गाणी करावीत आणि त्यांत काही उपयुक्त ज्ञान घालावे. मी आरोग्यावर एक गाणे रचले. ‘नखे कापा रोज रोज, दात घासा सकाळी.’ मुलींना पाठ करायला दिले. दुसऱ्या दिवशी दोरी फिरू लागली आणि पहिल्याच ओळीला मधली मुलगी पडली. दुसरी आली, तीही पडली. तिसरी उभीच राहिली आणि म्हणाली, “सर, तुमच्या गाण्यात पाय अडकतो.” मी रात्री घरी बसून मोजले. पहिल्या ओळीत तेरा मात्रा, दुसरीत बारा, आणि ठोका भलत्याच अक्षरावर. शिवाय रोज रोज नखे कोण कापतो? मुलींनी तेही विचारले.

मग मी रचणे सोडले आणि ऐकणे सुरू केले. नमुना म्हणून एकच सांगतो. हे मराठीतले :

एक उडी रंकाळ्याची,
दोन उड्या पद्माळ्याच्या,
तीन उड्या बाजाराच्या,
चार उड्या अम्मीसाठी,
पाच उड्या पाण्यासाठी,
सहा उड्या गाण्यासाठी…

आणि असेच पुढे, जिथवर दम आहे तिथवर. ‘एक उडी’ सहा मात्रा, ‘रंकाळ्याची’ आठ, आणि शेवटी दोनची विश्रांती. यात हिशेब तर आहेच; पण ‘एक उडी’ आणि ‘दोन उड्या’ हे एकवचन-अनेकवचनही आहे, ‘रंकाळ्याची’ आणि ‘पद्माळ्याच्या’ हा षष्ठीचा फरकही आहे. दखनी बोलणारी मुले मराठीत इथेच सर्वांत जास्त चुकतात. ‘दोन उडी मारला’ असे म्हणतात. मी वहीत लाल शाईने शंभर वेळा दुरुस्त केले ते दोरीने आठवड्यात दुरुस्त केले. ‘दोन उडी’ म्हटले की ठेका मोडत नाही, हे खरे, पण भिंतीला टेकलेल्या साऱ्याजणी ओरडतात, “उड्या! उड्या!”

आता या विषयातल्या नाजूक बाजूकडे येतो. पहिली तक्रार मला एका पालकांनी शाळेच्या फाटकात ऐकवली : “सर, पोरं शाळेत शिकाय पाठवतो आम्ही, का उड्या माराय?” त्यांना मी वर्गात नेले, फळ्यावरचे गाणे दाखवले, त्यांच्या मुलाला वाचायला लावले. ते काही न बोलता गेले. पण दुसऱ्या दिवशी मुलाच्या हातात नवी दोरी होती. लक्ष्मीपुरीतून आणलेली, लाकडी मुठीची. ही तक्रार सोपी होती.

दुसरी तक्रार सोपी नाही. मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की घरून निरोप येतो, “तिला उड्या मारायला लावू नका.” कारण कुणी सांगत नाही, सर्वांना ठाऊक असते. मी मौलवी नाही, फतवा देण्याचा मला अधिकार नाही. परंतु हजरत आयेशा (रजि.) लहानपणी मैत्रिणींबरोबर बाहुल्यांशी खेळत आणि हुजूर (स.) त्या मैत्रिणींना खेळण्यासाठी तिच्याकडे धाडून देत, हे हदीसच्या ग्रंथांत आहे. हुजुरांनी त्यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली हेही आहे. मुलीच्या खेळण्यावर आपण जेवढे कडक होतो तेवढे कडक होण्याची आज्ञा मला तरी कुठे सापडली नाही. आणि हा प्रश्न केवळ आपल्या समाजाचा आहे असेही नाही. शेजारच्या घरांतही झिम्मा-फुगडी पंचमी-गौरीपुरती, एरवी नाहीच. वर्षातून चार दिवस मुलीचे पाय मोकळे.

ज्या मुलीविषयी मी सुरुवातीला सांगितले, तिचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. ती वाचू लागली. तिसरीत, चौथीत ती माझ्याकडे नव्हती, पण जाता-येता दिसे. चौथीत तिने वर्गाच्या हस्तलिखितात दोन गाणी लिहिली. पाचवीत दोरी सुटली. घरून निरोप आला असणार. सहावीत ती वर्गाच्या कडेने चालू लागली, हे मी पाहिले. पाहिले आणि आपल्या कामाला लागलो. सातवीची परीक्षा दिल्यावर ती शाळेत आली नाही. मला ते जूनमध्ये हजेरीपत्रक बदलताना कळले. मी तिच्या घरी गेलो तो ऑगस्टमध्ये. वडिलांनी चहा दिला, चांगले बोलले. म्हणाले, “सर, तुम्हीच लिव्हला हुता न्हवं, आकलन मंद म्हणून? मग कशाला उगा खर्च?” पाच वर्षांपूर्वीचा शेरा. मी विसरलो होतो. त्यांनी प्रगतिपुस्तक जपून ठेवले होते. कपाटातून काढून दाखवले.

मी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतले. ती पडद्याआड उभी होती, बाहेर आली नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली या गावात मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली, दसरा चौकात बोर्डिंग उभे केले. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया म्हणजे थोडाथोडका नव्हे. आपण दरवर्षी त्यांच्या तसबिरीला हार घालतो. पण शेरा लिहिणाऱ्या मास्तरालाही दंड असायला हवा होता असे मला कधी कधी वाटते. त्या दिवसानंतर मी कुणाच्या प्रगतिपुस्तकात ‘मंद’ हा शब्द लिहिलेला नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी मोठ्या वर्गातल्यांना एक काम सांगतो. घरी जाऊन आजीला विचारा, ती लहानपणी कोणते गाणे म्हणून खेळत होती. दखनी असो, मराठी असो, कानडी असो. गडहिंग्लज-निपाणीकडच्या आज्या तिन्ही मिसळून म्हणतात. जसे म्हणेल तसे लिहा, शुद्ध करू नका. अश्लील वाटले, वेडेपणाचे वाटले तरी लिहा. सरोजिनी बाबरांनी गावोगावच्या बायांकडून लोकगीते गोळा केली, तेव्हा कुठे ती छापून राहिली. आपल्या घरांतली गाणी गोळा करायला बाहेरून कोण येणार? आज मोबाईलवर मुले गाणी ऐकतात, पण त्या गाण्यात त्यांना स्वतःची ओळ घालता येत नाही. दोरीवरच्या गाण्यात येते, आणि घातलेली ओळ चांगली असेल तर उद्या दुसऱ्या गल्लीत ऐकू येते.

यंदा दुसरीचा वर्ग पुन्हा माझ्याकडे आला आहे. त्यात त्या मुलीची धाकटी बहीण आहे. हे मला जूनमध्ये ठाऊक नव्हते. आडनाव एकच असलेली पाच-सहा मुले आहेत. मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत मुली दोरी फिरवीत होत्या आणि मला जुने गाणे ऐकू आले, ‘रस्सी बोली उड गे मुन्नी.’ मी विचारले, “हे तुला कुणी शिकवले?” म्हणाली, “आपाने.” घरी, भांडी घासताना, आपा म्हणते. मग मी म्हटले, “पूर्ण म्हणून दाखव.” तिने म्हटले. अम्मीची ओळ होती, मास्टरची ओळ होती. त्या दोन्हींच्या मधे एक ओळ मला नवी होती. मात्रा मोजाव्या लागल्या नाहीत. दोरी कुठे अडली नाही :

अब्बा बोले बस कर पढना,
मुन्नी बोली आज नको.

दुसरीचा वर्ग तळमजल्यावर, पाण्याच्या टाकीशेजारी आहे. शनिवारी सकाळची शाळा असते आणि दहाच्या सुमारास दोरी बाहेर निघते. ज्या पालकांना सवड असेल त्यांनी जरूर यावे. ती आपा अजून एकदाही आलेली नाही. तिच्या वडिलांना मी पुन्हा भेटणार आहे.